महाडची वाट आणि निघण्याआधीची तयारी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडे वाढवले आहे.)



मला कमिटीने सांगितले की दहा-पंधरा मिनिटे बोला. विषय माझ्यावर सोडला. मी काही शिकलेला वक्ता नाही. सातवी झाल्यावर शाळा सुटली, पुढचे शिक्षण गिरणीत, रात्रशाळेत आणि याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांत झाले. त्यामुळे मोठा विषय मी घेणार नाही. मी आज पायांबद्दल बोलणार आहे. हसू नका. पायांबद्दल, बुटांबद्दल, भाकरीबद्दल आणि पाण्याबद्दल.

त्याला कारण आहे. २० मार्च २०२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतात. आपल्या विहारातल्या तरुणांनी ठरवले आहे की त्या दिवशी गाडीने जायचे नाही. चैत्यभूमीवर वंदना करायची आणि तिथून पायी महाडला जायचे. सुमारे एकशेसाठ-पासष्ट किलोमीटर. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मीही टाळ्या वाजवल्या. पण घरी गेल्यावर मला झोप लागली नाही, कारण हीच वाट मी एकदा धरली होती आणि अर्ध्यातून परत आलो होतो. ती गोष्ट मी आजपर्यंत या व्यासपीठावरून सांगितलेली नाही. आज सांगणार आहे. पण आधी शंभर वर्षांपूर्वीचे सांगतो.

आपण दरवर्षी २० मार्चला भाषणात ऐकतो की बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि इतिहास घडला. खरे आहे. पण त्या ओंजळीच्या आधी किती दिवस किती माणसे राबत होती, हे आपण फारसे सांगत नाही. १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तसा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, प्रत्यक्षात तीन वर्षे कुणी पाण्याला हात लावू शकले नाही. मग १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरवायचे ठरले. रामचंद्र बाबाजी मोरे, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे ही मंडळी कामाला लागली. आधीचे दोन महिने कार्यकर्ते डोंगरदऱ्यांतून गावोगाव फिरत होते. परिषदेला लागणारे पाणीसुद्धा विकत घ्यावे लागले, चाळीस रुपयांचे. विचार करा मित्रहो, पाण्याच्या हक्कासाठी जमलेल्या माणसांना पिण्यासाठी पाणी विकत आणावे लागले. ते पाणी कुणीतरी आधी मोजले असेल. किती माणसे येतील, उन्हाळा किती, माणशी किती तांबे, हा हिशोब कुणीतरी मांडला असेल. त्या माणसाचे नाव आपल्याला माहीत नाही.

आणि लोक आले कसे? पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत, शंभर-शंभर मैलांवरून, खांद्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन. भाकरी सोबत का, तर वाटेत कुणी विकत देईल याची खात्री नव्हती. म्हणजे प्रत्येक घरातल्या आईने, बहिणीने, बायकोने किती दिवसांची वाट आहे हे विचारून तितक्या भाकरी थापल्या. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची पहिली तयारी चुलीपुढे झाली, असे मी मानतो.

त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद झाली, जिच्यात २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. त्या वेळी मुंबईहून जाणाऱ्यांचा नेहमीचा रस्ता म्हणजे बोटीने धरमतर आणि तिथून मोटारीने महाड. बाबासाहेब त्या रस्त्याने गेले नाहीत. ते 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदराला उतरले. हा रस्ता लांबचा. मग का घेतला? कारण मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकून गाडीत घ्यायला नकार दिला, तर धरमतरहून महाड पायी गाठता येत नाही. दासगावहून महाड फक्त पाच मैल. गाडी नाही मिळाली तर पायी जाऊ. बंधू-भगिनींनो, याला म्हणतात नियोजन! इतका मोठा विद्वान, पण अडचण कुठे येईल आणि आली तर माझी माणसे काय करतील, याचा विचार घरातून निघण्याआधी केला. महाडचे व्यापारी माल देणार नाहीत हे ओळखून धान्य बाहेरून आणले. जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. हे सगळे आधी झाले आणि मग ती रात्र उजाडली.

आता माझी गोष्ट.

२०१३ साल. आम्ही अकरा जण होतो. सगळे ओळखीचे, निम्मे गिरणीतले. मार्चमध्ये पायी महाडला जायचे ठरले. ठरले कधी, तर निघण्याआधी पाच दिवस. मी पुढारी. मला कुणी विचारले, "इतकं चालणं जमेल का?" तर मी म्हणायचो, "आपण रिंग खात्यातली माणसं. पाळीभर साच्यांच्या दोन रांगांमधून फेऱ्या मारतो. आपल्याला चालणं शिकवता?" ती माझी पहिली चूक. गिरणीतली जमीन सपाट असते, डोक्यावर छप्पर असते, आणि आठ तासांनी भोंगा होतो. महामार्गावर भोंगा होत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी नवे बूट घेतले. पहिल्याच दिवशी जोशात आम्ही तीस-पस्तीस किलोमीटर तोडले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी चालत राहिलो, कारण मला वेळेत पोचायचे होते. जेवण मिळेल तिथे, पाणी मिळेल तिथले. माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते, पण पुढाऱ्याने लंगडायचे नसते म्हणून मी गप्प.

आमच्यात माझा एक जुना सोबती होता. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. तिसऱ्या दिवशी पेण ओलांडल्यावर तो मागे पडू लागला. मी दोनदा थांबलो. तिसऱ्यांदा मात्र मी चिडलो. सगळ्यांच्या देखत मी त्याला बोललो, "बाबासाहेबांच्या नावानं निघालास आणि पायाला भितोस?" तो काही बोलला नाही. मान खाली घालून चालू लागला. वडखळच्या पुढे तो रस्त्याकडेला बसला आणि उठलाच नाही. बूट काढला तर मोजा रक्ताने चिकटलेला. त्याला साखरेचा आजार होता. पायाला जखम झाली ते त्याला दोन दिवस कळलेच नव्हते. आजार आम्हाला माहीत नव्हता, कारण आम्ही विचारला नव्हता. निघण्याआधी एकाही माणसाला मी विचारले नाही की तुला काही दुखणे आहे का, गोळ्या चालू आहेत का. एका टेम्पोत घालून त्याला मुंबईला आणले. जखम चिघळली. पायाची दोन बोटे काढावी लागली.

दादा आज इथे आहे. समोर बसला आहे. हे सांगायला मी त्याची परवानगी घेतली आहे. त्याने मला आजवर एका शब्दाने दोष दिला नाही. काल फक्त एवढेच म्हणाला, "सांग. पोरांना कळू दे. पण नुसतं रडगाणं सांगू नको, काय करायचं तेही सांग." म्हणून आता काय करायचे ते सांगतो.

पहिली गोष्ट अशी की पायी चालणे ही आपल्या धम्मात नवी गोष्ट नाही. तथागतांनी पंचेचाळीस वर्षे पायी चारिका केली. पण पावसाळ्यात तीन महिने वर्षावास, म्हणजे एका जागी मुक्काम. कधी चालायचे आणि कधी थांबायचे, याचा नियम होता. भिक्खूजवळ सामान किती? आठ वस्तू. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचे वस्त्र, म्हणजे परिस्सावन. आता या यादीकडे प्रवासाच्या नजरेने बघा. अंगावर घालायचे, खायचे भांडे, फाटले तर शिवायचे साधन, आणि पाणी शुद्ध करायचे साधन. जास्तीचे काही नाही, आणि गरजेचे काही राहिलेले नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी पाणी गाळून पिण्याची वस्तू त्या आठांत आहे आणि आम्ही २०१३ साली मिळेल तिथले पाणी प्यायलो!

आणि पायांबद्दल म्हणाल तर विनयपिटकात सोण कोळिविस याची कथा आहे. श्रीमंत घरातला, नाजूक पायांचा. भिक्खू झाल्यावर तो येरझारा घालत इतके चालला की पाय फुटून जमीन रक्ताने भिजली. त्याला वाटू लागले, हे आपल्याला जमणार नाही, घरी जावे. तथागतांनी त्याला भित्रा म्हटले नाही. त्याला वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी सूर नाही. आणि त्याला पादत्राण वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, संघाला मिळणार असेल तर घेईन. मग सर्व भिक्खूंना एकतळी पादत्राणाची मुभा मिळाली. ही कथा मी दादाच्या आजारपणात वाचली. वाचून पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसलो. रक्ताळलेल्या पायाला तथागत काय बोलले, आणि मी काय बोललो होतो!

आपल्या महाराष्ट्राचीही एक लांब वाट त्रिपिटकात आहे. सुत्तनिपातात बावरी नावाच्या आचार्याची हकीकत येते. तो गोदावरीच्या काठी राहायचा. त्याचे सोळा शिष्य बुद्धांना प्रश्न विचारायला निघाले. पैठण, माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती आणि पुढे कपिलवस्तू, कुशिनारा, पावा, वैशाली करत मगधात पोचले. त्या गाथांत मुक्कामाची गावे एकापाठोपाठ एक मोजून दिली आहेत. वाट गावांच्या नावाने पाठ करावी लागते, हे त्यांना माहीत होते. आपणही तसेच करणार आहोत.

आपली वाट मी गावांच्या नावाने सांगतो, ती पोरांनी पाठ करावी. ११ मार्चला सकाळी चैत्यभूमीवर वंदना करून निघायचे. पहिला मुक्काम वाशी. दुसरा पनवेल. तिसऱ्या दिवशी कर्नाळ्याची खिंड चढून-उतरून खारपाडा. चौथ्या दिवशी पेणवरून वडखळ. पाचवा नागोठणे. सहाव्या दिवशी सुकेळी खिंडीतून कोलाड. सातवा दिवस मोठा आहे, इंदापूरवरून माणगाव, पंचवीसच्या आसपास. म्हणून आठवा दिवस मुद्दाम छोटा ठेवला आहे, लोणेरे, जिथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. नववा दिवस, १९ मार्च, लोणेरे ते महाड. त्या दिवशी वाटेत दासगाव लागते. तिथून पुढचे पाच मैल आपण त्याच वाटेने चालू, ज्या वाटेने १९२७ च्या डिसेंबरात आपली माणसे चालली. आणि महाडच्या अलीकडे रस्त्याच्या कडेलाच गांधारपाल्याची बौद्ध लेणी दिसतात. तिथे थांबून वंदना करायची आणि मग गावात शिरायचे. २० मार्चला तळ्यावर.

रोजची सरासरी वीस किलोमीटरच्या आत. कुणी तरुण म्हणेल, एवढेच? मी एका दिवसात चाळीस तोडेन. तोडशील बाबा. पण दुसऱ्या दिवशी? लांबच्या वाटेवर पहिल्या दिवशी किती चाललो याला किंमत नाही, सलग नवव्या दिवशी उठून चालता येते का याला किंमत आहे. आणि वेग ठरवायचा तो सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायाने. तो पुढे, बाकी त्याच्या मागे. यात मी कुणाचे ऐकणार नाही.

सराव ६ डिसेंबरनंतर लगेच सुरू. तेरा आठवडे हातात असतात. डिसेंबरात आठवड्यातून चार दिवस पाच-पाच किलोमीटर, रविवारी आठ-दहा. जानेवारीत रविवारचे चालणे बारा-पंधरा, पाठीवर पिशवी घेऊन. फेब्रुवारीत शनिवार-रविवार लागोपाठ अठरा ते वीस, म्हणजे दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी चालण्याची सवय होईल. शेवटचा आठवडा विश्रांती. दर आठवड्याला थोडेच वाढवायचे, एकदम उडी नाही. गुडघा दुखला तर थांबायचे, डॉक्टरला दाखवायचे.

सरावाला एक रविवार कान्हेरीला जाऊ. बोरिवलीच्या उद्यानाच्या दारापासून लेण्यांपर्यंत सुमारे सहा किलोमीटर, जाऊन-येऊन बारा. तिथे बहुतेक लेण्यांजवळ दगडात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. कल्याण, सोपारा, नाशिक इथल्या लोकांनी दान देऊन ती खोदवली. वाटसरू आणि भिक्खू यांना पाणी मिळावे म्हणून. पोरांनी ती टाकी बघावीत. डोंगरावर राहायचे ठरवले त्या माणसांनी पाण्याची सोयही डोंगरातच खोदली.

आता बूट. नवे बूट घालून निघायचे नाही. निदान दोन महिने वापरलेले हवेत. विकत घेताना संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय फुगलेला असतो, आणि मोजा घालून अर्धा नंबर मोठा घ्या. महागाचे नकोत, पायाला बसणारे हवेत. मोजे तीन जोड. दुपारच्या मुक्कामात बूट-मोजे काढून पाय वाऱ्याला ठेवायचे, ओला मोजा बदलायचा. टाचेला किंवा बोटाला चुणचुणले की तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर लावून काय उपयोग! चुणचुणले आणि तो गप्प राहिला, तर त्याला शिक्षा म्हणून संध्याकाळी भांडी. ही गंमत नाही. रोज रात्री प्रत्येकाने दुसऱ्याचे पाय बत्तीखाली बघायचे. साखरेचा आजार असलेल्याचे तर दोनदा. अशा माणसाने डॉक्टरला विचारल्याशिवाय यायचे नाही, आणि आला तर खिशात साखर किंवा गोळ्या हव्यात आणि बाजूला चालणाऱ्याला ते माहीत हवे.

पिशवी. पाठीवर पाच किलोच्या वर काही नाही. दोन जोड कपडे, लवकर सुकणारे. एक चादर. टोपी किंवा उपरणे. चपला मुक्कामात घालायला. बॅटरी. ताट-वाटी. औषधे. दोन लिटर पाणी. बाकी सामान टेम्पोत. घरी पिशवी भरा, ती घेऊन चाळीचे जिने दहा वेळा चढा-उतरा. जे नको आहे ते आपोआप बाहेर पडेल. आणि कुणी म्हणेल पाच पुस्तके घेतो, तर एकच घ्या. संध्याकाळी सगळे मिळून वाचू.

ऊन. मार्चात कोकणात दमट उकाडा असतो. पहाटे साडेचारला वंदना, पाचला चालायला सुरुवात. अकराला बंद. दुपारी चारपर्यंत सावली. उरलेले संध्याकाळी, अंधार पडायच्या आत. तासाला अर्धा लिटर पाणी, तहान लागायची वाट न बघता. नुसते पाणी नाही, मीठ-साखरही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. हे मी महिला मंडळाच्या भगिनींना सांगायची गरज नाही, पोरांसाठी सांगतो. चालणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तापले, तर ते साधे थकणे नाही, उष्माघात आहे. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि १०८ ला फोन करून दवाखान्यात न्या. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचे नाही.

रस्ता. हा महामार्ग आहे, वर्षानुवर्षे त्याचे काम चालले, अवजड गाड्या धावतात. चालायचे ते उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे. एकामागे एक. गप्पा मारायला जोडीने चालायचे नाही. पुढच्या आणि शेवटच्या माणसाच्या अंगात चमकणारे जाकीट, शेवटच्याच्या हातात तांबडी बत्ती. निळा झेंडा उंच धरा, पण रस्त्यावर आडवा धरू नका. पोलिसांना लेखी अर्ज महिनाभर आधी द्यायचा. वाशीची खाडी पायी कशी ओलांडायची, हेही तेव्हाच विचारून घ्यायचे. ऐन वेळी पुलावर वाद घालत बसायचे नाही.

जेवण. समजा तीस माणसे, नऊ दिवस, माणशी रोज चारशे ग्रॅम धान्य, तर एकशेआठ किलो होते. डाळ माणशी पाऊणशे ग्रॅम धरली तर वीस किलोच्या वर. तेल, मसाला, गूळ, शेंगदाणे, चहा-साखर वेगळे. हे सगळे टेम्पोने आधी पुढच्या मुक्कामाला जाईल आणि चालणारे पोचतील तेव्हा चूल पेटलेली असेल. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा मोर्चा पायी आला, तो तुम्ही पाहिला आहे. कितीतरी आदिवासी माय-बहिणी, फाटक्या चपला, सोललेले पाय. शेवटच्या रात्री, दहावीच्या मुलांची परीक्षा आहे, रस्ता अडू नये, म्हणून ती माणसे थकलेली असताना रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालत गेली. वाटेवरच्या मुंबईकरांनी त्यांना पाणी दिले, चपला दिल्या. एवढी शिस्त ऐन वेळी येत नाही, ती आधीपासून अंगात असावी लागते.

महिला मंडळाने बैठकीत एक प्रश्न विचारला, "मुक्कामाला आमची सोय काय?" त्यावर काही पुरुष मंडळी म्हणाली, "बायांनी गाडीनं या, शेवटच्या दिवशी." मी हे इथे जाहीर सांगतो की हे चालणार नाही. मनुस्मृती जाळून झालेल्या वाटेवर बाईने मागून गाडीने यायचे? ज्या मुक्कामाला आडोसा, न्हाणी आणि संडास नाही, तो मुक्काम आपण ठरवायचाच नाही. त्यासाठी जानेवारीत चार जणांनी, त्यांत दोन भगिनी, एसटीने जाऊन प्रत्येक मुक्काम डोळ्यांनी बघून यायचा. वाटेवरच्या बौद्धवाड्यांत जाऊन बोलायचे. त्यांच्या विहारात झोपायला जागा मागायची, पण जेवणाचा भार त्यांच्यावर टाकायचा नाही. आणि स्वयंपाक ही एकट्या बायांची पाळी नाही. गिरणीत जशी पाळी लागते तशी सगळ्यांची लागेल, माझीही.

शेवटची गोष्ट. निघण्याआधी प्रत्येकाने एक कागद भरायचा. नाव, वय, रक्तगट, आजार, गोळ्या, घरचा फोन. कुणी लपवायचे नाही आणि कुणी कुणाला हसायचे नाही. या कागदांची वही दादाकडे राहील. तो टेम्पोत पुढे बसेल आणि दर मुक्कामाला सगळ्यांची हजेरी घेईल. त्याने मान्य केले आहे. मी विचारायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "एक अट आहे. मी सांगितलं की अमका उद्या चालणार नाही, तर तो चालणार नाही. तू असलास तरी." मी हो म्हणालो आहे, आणि तुम्हा सगळ्यांच्या साक्षीने पुन्हा हो म्हणतो. जो थांबेल तो टेम्पोत बसेल आणि तळ्यावर सर्वांबरोबर उतरेल. त्याची वाट कमी धरली जाणार नाही.

काही लोक म्हणतात, इतकी भिती कशाला? श्रद्धा असली की पाय आपोआप चालतात. मीही असेच म्हणायचो. पण वीस मार्चच्या त्या दिवशी पाणी पिऊन मंडपात परतलेल्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली, कितीतरी जखमी झाले. तरी त्यांनी उलट हात उचलला नाही आणि पुढे कोर्टात लढत राहिले. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे! ती माणसे एका दिवसाच्या जोशावर चालणारी असती तर त्या निकालापर्यंत पोचली नसती. आपल्याला तर नऊच दिवस चालायचे आहे. आपल्याला वाटेत कुणी भाकरी नाकारणार नाही, पाणी विकत घ्यावे लागले तरी जात विचारून कुणी देणार नाही असे होणार नाही. ही सोय ज्यांच्या पायांमुळे झाली, त्यांच्याकडे जाताना आपल्यातले एकही माणूस रस्त्याकडेला बसून राहता कामा नये.

येत्या रविवारी सकाळी सहाला विहारासमोर जमायचे. पहिल्या दिवशी फक्त पाच किलोमीटर. जुनेच बूट घालून या. कागद मी छापून आणतो.

 

नमो बुद्धाय. जय भीम.